दाऊदचं स्तोत्र

रोमानियातल्या आमच्या बोटोशानमध्ये कुणी गेलं, की मातीला नेईपर्यंत उशाशी बसून बायबलातली स्तोत्रं वाचतात. चर्चमध्ये गाणारे म्हणून ती बाबाच वाचायचे. आज बाबाच गेले, तेव्हा त्याच स्तोत्रांचं आपलं हिब्रू पुस्तक घेऊन शेजारचे हर्शकूकाका आले. गावातले शेवटचे ज्यू, बाबांशी जन्मभर भांडलेले.

भांडण एकाच स्तोत्रावरून. लोक ज्याची टिंगल करतात, ज्याचे कपडे आपसांत वाटून घेतात, तो माणूस कोण?

"आमचा येशू. त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीच लिहून ठेवलंय," बाबा म्हणायचे.

"आमचा दाऊद राजा स्वतःचं दुःख सांगतोय, त्यात तुमचा माणूस कुठून घुसवता?" काका ओरडायचे.

आज काका हिब्रूत वाचत होते. तेच स्तोत्र आलं. ते संपलं आणि काकांनी पुस्तकातून मान वर केली.

"पाणी देऊ का, काका?"

"पाणी नको. स्तोत्राच्या शेवटी तुम्ही 'पित्याला, पुत्राला गौरव' म्हणता ना, ते शेपूट तू लाव. माझ्या तोंडून ते यायचं नाही. माझी बायको गोल्डा गेली तेव्हा वाचायला आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं. तुझे बाबा येऊन बसले. शेपटाची जागा आली की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मला दिसत होतं."

मी रडत रडत ते म्हटलं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग बाबांच्या कानाशी वाकले.

"पण ते स्तोत्र दाऊदचंच आहे हं."