दोरीवरचे स्पंज

"साहेब, तुमच्या नाकाला फक्त गरिबाचा सायलेन्सरच घाण मारतो," तातेराव म्हणाला. आवाज चढवला नाही. कुणी वेळ विचारावी अन् सांगावी, तसं पाना पुसत बोलला.

जालना एमआयडीसीतलं त्याचं मोटरसायकलचं गॅरेज. समोर सळईच्या मिलची चिमणी भरदुपारी काळं ओकत होती. प्रदूषण मंडळाचे साहेब तिच्याकडे पाठ करून उभे. तोंडाला मास्क. तपासणीत अडकलेल्या गाडीवाल्यांनी एकाच गॅरेजकडे बोट दाखवलं होतं.

"धूर कमी करणारी नळी काढतोस का नाही?"

"काढतो. भोकावर पत्र्याची टिकली मारतो."

"का?"

"ती नळी बाहेरची हवा वढती अन् सायलेन्सरच्या तोंडाला सोडती. त्या हवेनं उरलासुरला धूर जळतो. कंपनीनं डोकं बराबर लावलं. पण हवा इथली हाय ना. महिन्यात नळी काळ्या भुग्यानं चोंदती. गाडी फटाके फोडती."

मिलचा कामगार कल्याण गाडी न्यायला आला होता. बाकड्यावरूनच म्हणाला, "साहेब, मास्क काढा की. काय बोलून राह्यले, काही कळून न्हाई राह्यलं."

साहेबांनी मास्क काढला नाही. पंचनामा लिहायला घेतला.

पोत्यातून पन्नासेक नळ्या निघाल्या. साहेबांनी एक उलटी करून पाहिली. "ह्यातले हवा गाळायचे स्पंज कुठंयत?"

तातेरावानं मागच्या खोलीचा पडदा सारला. दोरीवर धुतलेले स्पंज चिमट्यांनी लावून वाळत घातले होते. खाली खाटेवर त्याची बायको बेबीनंदा. नाकात नळी. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं.

"हे मशीनबी बाहेरचीच हवा वढतं," तातेराव म्हणाला. "डॉक्टर म्हणले, आठवड्याला स्पंज धू. इथं रोज काळा होतो. वाळंपर्यंत दुसरा लागतो. गाडीचा कापला की फिट बसतो."

"चहा सांगा की साहेबांना," बेबीनंदा म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

साहेब पडद्याच्या अलीकडंच राहिले. "आजपासून दुकान सील. लाईटही तोडावी लागेल. बाईला गावाकडं ने."

"नेल्ती, वाटूरला. तिथं लाईट राहत न्हाई. मशीन बंद पडलं, म्हणून चौथ्या दिवशी परत आणली."

"ते मला सांगू नको. सही कर."

तातेराव खोलीत गेला. मशीनमधला सकाळचा स्पंज काढला, दोरीवरचा घातला. तळव्यानं दाबून बसवला. बाहेर आला अन् काढलेला स्पंज पंचनाम्यावर ठेवला. कागदावर काळा चौकोन उमटला. साहेबांनी हात मागं घेतला.

"हेबी जप्तीत चढवा," तातेराव म्हणाला. पेन त्यानंच उचलून साहेबांच्या हातात दिला. "अन् खाली एक ओळ लिहा. ह्या हवेवर मोटरसायकल चालंना. माझी बायको चालंल का? हो का न्हाई, तेवढंच लिहा साहेब. मंग सही करतो."