नुसत्या गप्पांचा पिक्चर

"चाची, रोज येणाऱ्या बाई म्हणजे तुम्ही?" अनुयाला गहिवरूनच आलं.

"मग? उद्यापासून तुजा पिक्चर लावनार नाय म्हनतात," हव्वाबी हसल्या.

खरंच होतं ते. अनुयाचा पिक्चर लागला, पण पनवेलच्या त्या थिएटरात काळं कुत्रं फिरकेना. दोन जावा तांदळाच्या भाकऱ्या थापत बोलत बसतात, संपला पिक्चर! ना मारामारी, ना गाणं. मध्यंतराला चहाला उठलेली माणसं थेट रिक्षा करून घरी जात. एवढा जीव ओतला आणि एकाही माणसाच्या काळजाला भिडला नाही, तर दुसरा करायचा तो कुठल्या तोंडानं? हेच तिला खात होतं.

अशात आज थिएटरच्या दारावरच्या प्रदीपचा फोन आला होता. "मॅडम, एक आजी रोज येतात. बाहेरचं पाणी आत चालत नाही, पण त्यांची बाटली मी सोडतो."

ती धावत आली, तर समोर हव्वाबी! दीड वर्षापूर्वी शूटिंग झालं ते यांच्याच स्वयंपाकघरात.

"अलीचाचा नाही आले?"

"आत भेटतील. चल, सुरू होईल."

जिना चढताना अनुया बोलतच होती. आता पिक्चर मोबाईलवर येणार, तिथं तरी लोक बघतील. "मागची सगळी खरखर काढतोय, चाची. रिक्षांचे हॉर्न, कुकरची शिट्टी, चाचांनी मध्येच मारलेली हाक. किती वेळा गप्प बसा म्हटलं होतं त्यांना! साऊंडवाला फक्त माझ्या होकारासाठी थांबलाय."

हव्वाबींचा पाय पायरीवरच थांबला. "काढता येतं?"

"अगदी स्वच्छ."

त्या पुढची पायरी चढल्या.

आत कोपऱ्यात एक जोडपं होतं आणि मागे एसीत गाढ झोपलेला एक माणूस. चाचा कुठं दिसेनात. हव्वाबींनी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली.

पिक्चर सुरू झाला. अनुया पडद्याकडे बघतच नव्हती, ती बघत होती हव्वाबींकडे. काय ते ऐकणं! पापणी लवत नव्हती. एका तरी माणसाला आपलं काम कळलं, भरून पावले, असं तिला वाटलं. देवाचे आभार मानावेत की या बाईचे, तेच तिला कळेना.

पडद्यावर जावांचं बोलणं लोणच्यावर आलं. हव्वाबींनी पदर डोक्यावर ओढला, सावरून बसल्या आणि पिशवीतून बाटली काढली.

तेवढ्यात पिक्चरमधल्या स्वयंपाकघरामागून चाचांची हाक आली, "हव्वा, पानी आन गं!"

"आनलंय वो," हव्वाबी मोठ्यानं म्हणाल्या आणि बाटली रिकाम्या खुर्चीपुढे धरली.

मागचा माणूस दचकून जागा झाला. बाटली तशीच पिशवीत टाकून हव्वाबी उठल्या. अनुया त्यांच्यामागे दारापर्यंत धावली.

"चाची, अजून अर्धा पिक्चर आहे!"

"तो मी कदी बघितलाच नाय, बाय. नुसत्या गप्पा त्या." त्यांनी अनुयाचे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. हात ओले झाले. "अल्ला तुजं भलं करो. ईदच्या आदी गेले ते. फोटो पेटीभर हायत घरात, आवाज तेवढा तुज्याकडंच राहिला."