सगळ्या दोऱ्या भरल्या होत्या

ऊन उतरलं तरी सासूबाई गच्चीवरून खाली आल्या नव्हत्या, म्हणून सून वर गेली.

पर्यावरणाच्या कार्यालयात ती दिवसभर लोकांना तापत्या पृथ्वीबद्दल सांगायची, आणि घरी कपडे वाळवायचं मशीन रोज घरघरत असायचं. दिव्याखाली अंधार. वीज, कोळसा, नातवंडांचे दिवस, सगळं सासूबाईंना सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी गेल्या महिन्यात ती सहज म्हणाली, "आई, समोरची नवी भाडेकरीण गच्चीवर येऊन फोनवर भांडते हो."

"कुणाशी?" सासूबाईंनी एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून कपड्यांची बादली वर जायला लागली आणि मशीनवर धूळ बसली. कार्यालयात सून हे रंगवून सांगायची. माणसाला त्याच्या आवडीच्या वाटेने न्यावं, म्हणायची.

आता गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्या भरल्या होत्या. सासूबाई कठड्यापाशी एका शर्टाला चिमटे लावत होत्या. शर्ट सासऱ्यांचा होता. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. शेजारी त्यांचेच आणखी शर्ट होते, इतके दिवस धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलेले.

"आई, हे तर स्वच्छ होते. एवढं पाणी..."

"आपले कपडे सकाळीच संपले गं." सासूबाईंनी मान वळवली नाही. "ते मशीन मला अर्ध्या तासात मोकळं करायचं. मोकळी होऊन मी करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही."

पाण्याची आकडेवारी सुनेच्या जिभेवर तयार होती. ती तिने गिळली. तिला स्वतःचीच लाज वाटली. महिनाभर ती विजेचे युनिट मोजत होती, घरातल्या बाईकडे तिने पाहिलंच नव्हतं.

बादलीत एक ओली चादर उरली होती. सुनेने एक टोक उचललं, दुसरं सासूबाईंनी धरलं. दोघींनी ती पिळली, झटकली, कठड्यावर पसरली.

"पडदे राहिलेत अजून," सासूबाई म्हणाल्या. "उद्या ते काढते."

"पडदे राहू देत. तुमच्यासाठी खुर्ची आणू का वर?"

"नुसतीच बसू? हाताला काम नसताना? लोक काय म्हणतील?"

सून जिन्याकडे वळली.

"मग दोन आणते," ती म्हणाली.