अंगातला जंपसूट

"आधी अंगातून काढा, मग बघू," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"तेच तर निघत नाहीये हो." आईने टिल्लीला खांद्यांना धरून पाठमोरं केलं. पिवळ्या जंपसूटची पाठीवरची चेन मानेखाली दोन बोटांवर अडकून बसली होती. ना वर जात होती, ना खाली येत होती. "कालच नेला इथून. सकाळी नुसता घालून बघितला. म्हटलं, तुम्हाला रोजची सवय, तुम्ही काढाल. म्हणून तशीच घेऊन आले."

मुलीने वाकूनही बघितलं नाही. हातातल्या झबल्याची घडी घालत ती म्हणाली, "वापरलेला माल परत होत नाही."

"वापरलेला नाही, अहो. लेबलसुद्धा तसंच आहे."

"ताई, मुलगी अंगाने भरलेली आहे तुमची. एक साइज मोठाच घ्यायचा. ओढाओढ केल्यावर चेन बिचारी काय करणार?"

शेजारी मोजे निवडत असलेल्या बाई टिल्लीकडे बघून हसल्या. टिल्लीने पोट आत ओढून घेतलं.

काल तूच तर म्हणालीस, हिला अगदी मापाचा बसेल. आईच्या ओठांवर आलं होतं. पण ही चिडली तर चेनला हातसुद्धा लावणार नाही, म्हणून तिने ते गिळलं. "जरा बघता का, प्लीज?" ती म्हणाली.

टिल्लीने तिची ओढणी ओढली. "आई, मला शू आलीय."

"हो गं राणी. झालंच हं."

"मघाचपासून आलीय."

काउंटरवरची मुलगी शेवटी पुढे आली. तिने चेन एकदा खाली खेचली, एकदा वर. टिल्ली कळवळली. "अस्तर अडकलंय आत," मुलगी म्हणाली. "कापावं लागणार." मग तिने गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पण कात्री लावलेला माल ते घेत नाहीत. आधीच सांगून ठेवते."

"त्यांना विचारा ना."

"फोनवर आहेत ते. मधे बोललेलं त्यांना चालत नाही."

आई स्वतःच गल्ल्याजवळ गेली. "दादा, एक मिनिट..." मालकाने तिच्याकडे न बघताच तळहात वर केला. "काय सांगतोस! मग पुढे?" तो फोनमध्ये म्हणाला आणि खो खो हसला. हात तसाच वर होता. आई त्या हातासमोर उभी राहिली.

मागे टिल्ली एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवलेले. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, कापू का?" काउंटरवरची मुलगी कात्री घेऊन उभी होती. आता तिच्या आवाजातही घाई होती. "तुम्ही हो म्हणा, लगेच कापते. नंतर माझ्यावर यायला नको."

हो म्हटलं की जंपसूट गेला. घरात कुणाला न विचारता घेतलेला. तुला वस्तू पारखताच येत नाही, हे नवऱ्याचं वाक्य तिला पाठ होतं, त्यानंतरचं सासूबाईंचं 'जाऊ दे रे' सुद्धा. तिने पुन्हा मालकाच्या हाताकडे बघितलं.

"एकच मिनिट," ती म्हणाली. "त्यांचं बोलणं होऊ दे."

टिल्लीचं नाचणं थांबलं.

आईला वळायच्या आधीच कळलं. पिवळ्या कापडावरचा गडद डाग मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरला, मग बुटात, मग फरशीवर. टिल्ली रडली नाही. फोटो काढताना उभं करतात तशी ती हात बाजूला सोडून, अगदी ताठ उभी राहिली.

मोजेवाल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मालकाचा फोन कानावरून खाली आला. "अहो, हे काय! खाली माल ठेवलाय आमचा!"

आईने काउंटरवरच्या मुलीच्या हातातून कात्री घेतली. कुणालाच विचारलं नाही. मानेपासून कंबरेपर्यंत तिने कापड सरळ कापत नेलं. टिल्लीच्या पाठीवर चेनचा लाल वळ उठला होता. आईने ओढणी काढून तिला त्यात गुंडाळलं.

मालक गल्ल्यावरून उठून आला. त्याने कापलेला जंपसूट कॉलरला धरून दोन बोटांत उचलला, चेन बघितली आणि काउंटरवरच्या मुलीकडे वळला. "कालपासून हा तिसरा. अख्खा लॉटच खराब निघालाय. यांना दुसरं काहीतरी देऊन टाक आणि आधी फरशी पूस."

मुलीने आईकडे बघायचं टाळलं. तिने एक बटणांचा फ्रॉक आणि कोरडी चड्डी काढून दिली आणि फडकं आणायला आत गेली.

ट्रायल रूममध्ये आईने टिल्लीचे पाय ओढणीने पुसले, नवा फ्रॉक घातला. "बघ, मिळाला की नाही नवा?" ती म्हणाली. आवाज उगाचच मोठा निघाला. "छान आहे ना? याला चेनच नाही."

टिल्ली आरशात बघत नव्हती. आईची बोटं एकेक बटण लावत वर येत होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

"आई," तिने विचारलं, "आपल्या घरी कात्री नाहीये का?"