सव्वा महिना

"मुलं किती?" माझ्या कमरेला कोमट तेल चोळत मालिशवाल्या शेवंताबाईंनी विचारलं.

"नाहीत." दोन वर्षं कंबर दुखत होती. गोळ्या, पट्टा, सगळं करून झालं होतं. असल्या प्रश्नांनी आता आत काही हलत नसे.

कमरेच्या कडेला, पांढऱ्या रेषांवर त्यांचा हात थांबला. "अगं, बाळंतपण झालंय की तुझं! तेव्हा शेक-मालिश नाही केली?"

"बाळ घरी आलंच नाही. मग सासूबाईंनी मालिशवालीला नको म्हणून कळवलं."

"म्हणजे? बाळ नाही म्हणून तू बाळंतीण नाहीस? नऊ महिने ओझं काय सासूच्या कमरेनं वाहिलं?"

त्यांनी मला उठवून बसवलं. "सव्वा महिना रोज येईन," म्हणत खुंटीवरची ओढणी घेतली आणि बाळंतिणीला बांधतात तशी माझ्या कानांवरून घट्ट बांधली.

मी बांधू दिली.