छत्तीस नाबाद

संध्याकाळी कट्ट्यावर मोठा फलंदाज कोण याचा निकाल द्यायचा, म्हणून भालचंद्रपंतांनी जुनी वही उघडली होती. उजव्या हाताच्या फलंदाजाची सरासरी चौपन्न, डावखुऱ्याची एकेचाळीस. "संपला वाद!" ते बायकोला म्हणाले.

टीव्हीवर तीस वर्षांपूर्वीचा सामना दाखवत होते. डावखुरा खेळत होता. इंदुताई कुकर बंद करायला उठल्या, तसे पंत ओरडले, "हलू नकोस! विकेट पडेल."

"अहो, या डावात तो सदतीसवर बाद झालाय. तुमच्याच वहीत आहे ना?"

"आहे गं. पण बस."

इंदुताई परत बसल्या. कुकरची चौथी शिट्टी झाली, तरी उठल्या नाहीत. "किती झाले त्याचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"छत्तीस." पंतांनी वही मिटली.