सायलेन्सरला आणखी एक भोक

कीक बसली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची झाकणं एकमेकांवर आपटू लागली. समोरच्या घराची एक खिडकी बंद झाली, मग दुसरी. मागच्या अंगणात फोरमन मोटरसायकलवर वाकून उभे होते. त्यांनी मूठ पिळली, मान कलती केली, पुन्हा पिळली आणि इंजिन बंद केलं.

"अजून दबलेलाच आहे," ते म्हणाले.

फोरमन कधीच निवृत्त झाले होते, पण आळीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. भंगारात निघालेली ही जुनी मोटरसायकल त्यांनी नटबोल्टापर्यंत सुटी करून पुन्हा जोडली होती. हँडल खाली घेतलं, सीट स्वतः शिवली, टाकी घासून घासून रंगवली. लग्नात माझ्याकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं, असं बायको म्हणायची. आता फक्त आवाज मनासारखा लागत नव्हता. सायलेन्सरच्या पोटातली जाळीची नळी काढून झाली. तरी समाधान नाही, म्हणून मागच्या टोकाला भोकं पाडणं चाललं होतं.

कारखान्यात शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मशीनचं बेअरिंग जाणार हे सांगणारा माणूस. त्याला आवाजातलं कोण शिकवणार? पण गडबड सायलेन्सरमध्ये नाही हे बायकोला कळून चुकलं होतं. उशिराच कळलं, आणि त्यात तिची चूक नव्हती. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं हा नवऱ्यांचा जुनाच धंदा. आता पहिल्याच कानाशी अडतंय, हे ओळखायचं कसं?

शेजारीपाजारी विचारत, तेव्हा सायलेन्सर बिघडलाय आणि त्याचीच दुरुस्ती चाललीय, असं ती सांगायची. फोरमनना ऐकू येत नाही हे आळीला कळलेलं तिला चालणार नव्हतं. खुद्द फोरमनना कळलेलं तर त्याहून नाही.

ती त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. ते ड्रिलला नवा बिट लावत होते.

"चहा ठेवू का?"

फोरमन बिट घट्ट करत राहिले.

"मी माहेरी चाललेय. कायमची."

त्यांनी बिटाचं टोक अंगठ्याने तपासलं. तिला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. हा माणूस आपलं बोलणं टाळतो म्हणून ती जन्मभर भांडली होती, आणि आता तो टाळत नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

वळसा घालून ती समोर आली.

"अहो, राहू द्या आता. सायलेन्सर चांगला आहे."

फोरमन तिच्या ओठांकडे बघत होते. "माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सायलेन्सरला काय धाड भरलीय? कान गेलेत माझे."

भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तशा सुरात त्यांनी सांगितलं. बायको पायरीवर बसली. इतके दिवस आपण कुणापासून काय लपवत होतो, हेच तिला कळेना.

"मग ही भोकं कशाला?"

"एकेक नट माझ्या हातचा आहे. गाडी सुरू झाली की हाताला कळतं, पायाला कळतं. आवाज मात्र गाद्यांच्या ढिगाखालून आल्यासारखा येतो. एकदा नीट ऐकू दे मला. मग नळी परत बसवतो, भोकं बुजवतो. लोकांना त्रास नको."

"कानाला यंत्र लावून घ्या ना."

"एका ओळखीच्याचं लावून बघितलं. भांडी घासल्यासारखं ऐकू येतं. ते काय इंजिन झालं?"

"आणि असंही नाहीच ऐकू आलं तर?"

फोरमननी सायलेन्सरवर पुढच्या भोकाची खूण केली. मग म्हणाले, "दिवसेंदिवस कमीच होत चाललंय. म्हणून तर घाई करतोय."

बायको उठली. तिने जाडसं फडकं घेतलं, गाडीच्या मागे उकिडवी बसली आणि तापलेल्या सायलेन्सरचं टोक फडक्यातून दोन्ही हातांनी धरलं. तोंड वर करून, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "हलतंय म्हणून भोकं वाकडी पडतायत. पाडा. मी धरते."

एक भोक पडलं. त्याच्या शेजारी दुसरं पडलं. लोखंडाचा कीस तिच्या चपलांवर सांडला, तो तिने झटकला नाही. फोरमननी पुन्हा कीक मारली.

या वेळी आवाज तिच्या दातांपर्यंत पोचला. तरी तिने कान झाकले नाहीत, ती फोरमनच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ते डोळे मिटून, मान कलती करून उभे होते. चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं. त्यांनी मूठ आणखी पिळली.

शेजारचे मास्तर फाटकाशी आले होते. कानांवर हात दाबून ते काहीतरी ओरडत होते. बायको फाटकापाशी गेली, तेव्हा कुठे शब्द कळले.

"वहिनी, दुरुस्ती चाललीय म्हणालात ना? हे थांबणार कधी?"

"त्यांना ऐकू आलं की," बायको म्हणाली.